टाकी भरून चढवा

बॅजर क्रीकच्या अग्निशमन दलाची वार्षिक सभा म्हणजे निम्मी सभा आणि निम्मं जेवण. एप्रिलमधला शनिवार, दुपारचे बारा, बावीस माणसं आणि कॉफीचं एक भलंमोठं भांडं. सगळे गुरं पाळणारे. पगार कुणालाच नाही, मान मात्र प्रत्येकाला हवा. हॅम सँडविच संपून केक कापायला घेतला आणि दलाचा प्रमुख ओरिन प्लॅडसन याने वर्ना सोलबर्गपुढे एक कागद सरकवला.

गेल्या ऑगस्टमध्ये कायोटी टेकडीवर दलाची पाणी वाहणारी गाडी का बंद पडली, याचा तो अहवाल होता. शेवटची ओळ दोनच शब्दांची, ‘चालकाची चूक’. आणि चालक म्हणजे वर्ना.

“सही कर म्हणजे विषय संपला,” ओरिन म्हणाला. “विमावाले मागे लागलेत.”

“नाही करत.”

केक कापणारीचा हात थांबला.

“अगं, तुला कोण फासावर देतंय? एक ओळ तर आहे.”

“एकच आहे ना? मग तुझं नाव घाल तिच्यात.”

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं. ओरिनचे कान लाल झाले. नियम त्याने आधीच सगळ्यांना ऐकवून ठेवला होता. सही केली तर वर्नाचं स्टिअरिंग जाणार, तिथे ओरिनचा जावई ट्रॅव्हिस बसणार, आणि वर्नाने खुशाल सँडविच करावीत. सही नाही केली तर नाव दलातूनच कमी. अकरा वर्षं ती गाडी चालवणाऱ्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईसमोर त्याने हे असं ताट वाढून ठेवलं होतं.

त्या दिवशी झालं होतं ते असं. वारा फिरला आणि पेटलेलं गवत गाडीच्या मागे लागलं. वर्नाने खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने फिरवून बंद केले आणि गाडी टेकडीवर घातली. हब म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा मुठीएवढा डबा. तो बंद केला की अॅक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, आणि चाक एकमेकांना धरतात, सोडला की चाक मोकळं फिरतं. सगळा भार त्याच्या आतल्या दात्यांवर. निम्म्या चढावर फाडकन आवाज झाला, पुढची चाकं मेली आणि मागची चाकं भुसभुशीत मातीत नुसती गरगरत राहिली. वर्ना आणि तिच्यासोबतचे एम्मेट मास्तर गाडी टाकून जळून गेलेल्या काळ्या जमिनीकडे पळाले. तिला पलीकडे जाता यावं म्हणून मास्तरांनी कुंपणाची तापलेली तार हाताने दाबून धरली. त्यांची दोन बोटं आजही मिटत नाहीत. गाडी वाचली, पण नंतर हब उघडला तेव्हा आतले दाते साफ घासून गेलेले.

“हब तुटतो म्हणून अॅक्सल वाचतो,” ओरिन आता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “फ्यूज आहे तो. तू चाकं पूर्ण वळवलीस आणि वर अॅक्सिलरेटर दाबलास. उडणारच.”

“घरातला फ्यूज उडाला तर माणूस मेणबत्ती लावून बसतो,” वर्ना म्हणाली. “आम्ही तिथे काय लावून बसायचं होतं? आग आधीच लागलेली होती.”

या वेळी हसण्यावर कोणी खोकल्याचं पांघरूण घातलं नाही.

तिने पर्समधून घडी केलेलं कॅटलॉगचं एक पान काढलं. जड अॅक्सलसाठीच बनवलेले हब. अंग पोलादी, दाते जाड, झाकणसुद्धा प्लास्टिकचं नाही. “दोन महिने मी हेच शोधत होते. आपला अॅक्सल दणकट आहे रे. त्याला काही झालेलं नाही, डेलने खोलून पाहिलाय. बैल चांगला आहे आणि आपण त्याला सुतळीने बांधलाय. मी ‘हे घे’ म्हणाले, तर तू पुन्हा तसलीच सुतळी आणून बसवलीस.”

डेल कुचेरा हा दलाचा मेकॅनिक. तो केकच्या बशीत मान घालून बसला होता. मूग गिळून बसणं कसं असतं ते त्याच्याकडून शिकावं.

“जुने कमी पडले असं कुठे सिद्ध झालंय?” ओरिन म्हणाला.

“हेच. मोठे हब घेतले की कागदावरची ओळ खोटी पडते. म्हणून तुला ते नकोत.”

हे तिने इतकं सरळ म्हटलं की ओरिनला रागवायलाही क्षणभर उशीर झाला. मग तो उठलाच. “चल. त्याच टेकडीवर, याच हबांवर, ट्रॅव्हिस चढवून दाखवेल. चढली तर सही करशील?”

“करीन. पण गाडी त्या दिवशी होती तशी हवी. टाकी भरून.”

“भरून. तुम्ही केक संपवा, तोवर आम्ही पाणी घेतो.”

तासाभराने सगळे कायोटी टेकडीच्या पायथ्याशी होते. वारा असा की टोप्या हातात धराव्या लागत होत्या. जुनं गवत अजून पिवळंच होतं. वर्ना कुंपणाशी उभी राहिली. गाडी चढावी असं तिला वाटत नव्हतं, आणि आत बसलेल्या त्या तिशीच्या पोराला काही व्हावं असंही वाटत नव्हतं. दोन्ही एकदम वाटणं फार वाईट.

ट्रॅव्हिसने उतरून हब फिरवले, आत बसला आणि गाडी घातली. गाडी चढली. कुरकुर नाही, घसरण नाही, सरळ माथ्यावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रॅव्हिस वळवून खाली आला आणि ओरिनने खिशातलं पेन पुढे केलं.

“बोल आता.”

वर्ना पेनाकडे बघत नव्हती. ती गाडीच्या मागच्या चाकांकडे बघत होती. अकरा वर्षांत तिने ती गाडी जितकी बघितली होती तितका नवऱ्याचा चेहराही बघितला नसेल. पाणी भरलं की तिची मागची बाजू बसायची, टायर आणि पत्र्यामध्ये जेमतेम हात जायचा. आज तिथे फुटबॉल गेला असता.

ती गाडीजवळ गेली आणि मूठ वळून टाकीवर ठोकली. वरच्या अर्ध्या भागात ढब ढब असा पोकळ आवाज आला. खालच्या भागात आवाजच नाही.

“निम्मी आहे,” ती म्हणाली.

“चाचणीला तेवढी पुरते,” ओरिन म्हणाला.

“आगीला पुरते का? ओरिन, आधीची टाकी अडीचशे गॅलनची होती. दोन वर्षांपूर्वी तूच चारशेची फुकट मिळाली म्हणून आणलीस, वर तुझं नाव रंगवून घेतलंस. चारशे गॅलन म्हणजे दीड टन पाणी, आणि हब तेच. डेल, मान वर कर. तू बसवलीस ना टाकी?”

डेलने मान वर केली. बराच वेळ लागला त्याला. “मी तेव्हाच सांगितलं होतं याला,” तो म्हणाला. “एवढ्या वजनाला हे हब टिकायचे नाहीत म्हणून. मग गप्प बसलो. चुकलंच माझं.”

ओरिन काही बोलणार तोच वर्नाने हात केला. “मी वाद घालत नाही. खाली ओढा आहे, गाडीवर पंप आहे. टाकी भरा आणि चढवा. चढली तर हसत सही करते. ट्रॅव्हिस, चढवशील ना रे?”

सगळे ट्रॅव्हिसकडे बघायला लागले. त्याने सासऱ्याकडे पाहिलं, मग चढाकडे, मग हातातल्या किल्लीकडे.

“नाही काकू,” तो म्हणाला. “मला दोन लेकरं आहेत.”

टोप्या धरलेली सगळी माणसं वर्नाकडे वळली.

“मला तीन आहेत,” वर्ना म्हणाली. “मला कुणी विचारलं नव्हतं.”

तिचा आवाज फाटला आणि तिने तो तसाच फाटू दिला. आठ महिने ती हे वाक्य स्वयंपाकघरात भांड्यांना ऐकवत होती. “मी तिथे मेले असते ना, तरी तू हीच ओळ लिहिली असतीस. चालकाची चूक. आणि माझ्या पोरांनी ती वाचली असती.”

ओरिन वाईट माणूस नव्हता. फुकट मिळालेल्या टाकीचं त्याला कौतुक होतं, आणि ते कौतुक मोडायला तो तयार नव्हता, एवढंच. पण एवढ्यावर माणसं जळतात.

“ती ओळ खोड,” वर्ना म्हणाली. “तुझ्याच पेनने.”

त्याने कागद बॉनेटवर ठेवला आणि ओळ खोडली. “काय लिहू?”

“झालं ते लिही.”

त्याने लिहिलं. वाऱ्यात कागद फडफडत होता, अक्षर वेडंवाकडं आलं. टाकी प्रमुखाने वाढवली, हब वाढवले नाहीत, त्यामुळे हब तुटला. वर्नाने ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.

“मोठे हब सोमवारी मागवतो,” ओरिन हळू आवाजात म्हणाला. “आठवडाभरात येतील. तोवर गाडी दलाच्या हॉलमध्ये राहील, किल्ली माझ्याकडे.”

“तुझ्याकडे नाही,” वर्ना म्हणाली आणि हात पुढे केला.

ओरिनने होकार द्यायच्या आधीच ट्रॅव्हिसने किल्ली तिच्या हातावर ठेवली.