जास्तीचे दोन स्क्रू

मी ओट्याखालचा डिशवॉशर बोलतोय. दोन कपाटांच्या मधोमध, दगडी ओट्याच्या पोटात माझी जागा आहे. माझ्या दारावर कपाटांसारखीच लाकडी फळी लावली आहे, त्यामुळे नव्या माणसाला मी सापडत नाही. पाहुणे मला कचऱ्याचं कपाट समजून उघडतात, आत कपबशा बघून ओशाळतात आणि हातातली केळ्याची साल घेऊन उभे राहतात.

इतक्या सुरक्षित जागी बसलेल्याला भीती कसली, असं तुम्ही म्हणाल. पण गेलं वर्षभर मी जीव मुठीत धरून काढलं. ते कसं, ते सांगतो.

भीतीची ओळख मला कारखान्यातच झाली. माझ्या पोटात पाणी फिरवून झालं, दार शंभरदा उघडून मिटून झालं आणि मला खोक्यात घालायची वेळ आली. तिथे तपासणीला एक बाई होत्या. हाताखाली नव्यानेच लागलेल्या मुलीला त्या म्हणाल्या, "हे बघ, सुटा उभा राहणारा असतो ना, त्याच्या पाठीत वजन घातलेलं असतं. याच्या नाही. याला कपाटांमध्ये स्क्रूने धरून ठेवायचं असतं. ते स्क्रू नसले आणि कुणी उघड्या दारावर भार टाकला, की हा तोंडावर पडणार. पुडी टाकलीस ना आत?"

मुलीने मान हलवली. माझ्या वरच्या कप्प्यात एक छोटी पुडी चिकटवलेली होती आणि तिच्यात दोन स्क्रू होते. खोक्याच्या अंधारात, ट्रकच्या हादऱ्यांत मी त्या पुडीचा आवाज ऐकत राहिलो. ती वाजली की मला धीर यायचा.

मग मी या घरी आलो. घरात तिघं: आई, बाबा आणि साडेतीन वर्षांची टिल्ली. स्वयंपाकघर नुकतंच नवं केलेलं, दगडाला अजून पॉलिशचा वास होता. मला बसवायला आलेला मिस्त्री हाताचा चांगला होता, हे मी आजही म्हणेन. त्याने माझे पाय वरखाली करून मला अगदी पाणसळीत आणलं. पाणी आणणारी नळी घट्ट केली, पाणी सोडणारी नळी सिंकखाली उंच बांधली, एक थेंब कुठे गळत नाही ना ते बोट फिरवून पाहिलं. शेवटी त्याने पुडी फोडली, ओट्याच्या खाली वाकून पाहिलं आणि जिभेने च्यक केलं.

"वर दगड आहे साहेब. दगडात हे स्क्रू जात नाहीत."

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काय? दोन्हीकडून कपाटांनी दाबून धरलाय, जातोय कुठे? हे जास्तीचे निघाले. ठेवा, कामाला येतील."

वर दगड असेल तर ते स्क्रू बाजूने, माझ्या आतल्या भिंतीतून शेजारच्या कपाटांत मारायचे असतात. पुस्तिकेत चित्रासकट दिलं आहे. पण पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघालीच नव्हती. मला ओरडावंसं वाटलं, पण मला अजून वीजही जोडलेली नव्हती.

बाबांनी ते दोन स्क्रू फार जपून ठेवले. या माणसाकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. पलंग, पंखा, पडदे, घरात जे जे बसवलं गेलं त्यातून उरलेला प्रत्येक स्क्रू त्यात असतो. काही टाकून द्यायचं म्हटलं की बाबांच्या जिवावर येतं. तो डबा माझ्या शेजारच्याच खणात राहतो. म्हणजे मला धरून ठेवणारे दोन स्क्रू माझ्यापासून वीतभर अंतरावर होते, आणि मी मोकळा होतो.

पहिल्याच आठवड्यात व्हायचं ते झालं. आईने दार उघडून दोन्ही भरलेले कप्पे एकदम बाहेर ओढले. माझे मागचे पाय जमिनीवरून सुटले. डोकं ओट्याच्या दगडावर आपटलं आणि मी बोटभर पुढे सरकलो.

"अगं बाई! हा अंगावर येतोय!" आईने मला दोन्ही हातांनी मागे लोटलं.

"दोन्ही कप्पे एकदम कशाला ओढतेस?" बाबा बाहेरून म्हणाले. "एकेक काढ की."

झालं. घरात नियम झाला, एका वेळी एकच कप्पा. मी पुढे सरकलेला दिसलो की जाता जाता गुडघ्याने आत ढकलायचं, हेही सगळे शिकले. मी पाहिलंय, माणसं बिघाड काढत बसत नाहीत, त्याच्याशी जमवून घेतात. या घरात न्हाणीघराची कडी उचलून लावावी लागते आणि दिव्याचं बटण दोनदा दाबावं लागतं. तसं मला गुडघ्याने ढकलावं लागतं, एवढंच त्यांच्या लेखी होतं.

आणि मग टिल्लीला माझं दार उघडता यायला लागलं.

एका दुपारी आई आतल्या खोलीत फोनवर बोलत होती. टिल्ली आली, दोन्ही हातांनी दार खाली घेतलं आणि त्यावर बसली. माझे मागचे पाय उचलले गेले. माझ्या खालच्या कप्प्यात सुऱ्या टोकं वर करून उभ्या होत्या, वर काचेचे पेले होते, आणि तिचं डोकं त्यांच्या समोर होतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली.

मला वाचा म्हणावी अशी एकच आहे. भांडी धुऊन झाल्यावरही आत थोडं पाणी उरतंच. ते हिंदकळून माझ्या तळातल्या ताटलीत सांडलं, की तिथला छोटा तरंगता तुकडा वर येतो. मग मी जोरजोरात पिप् पिप् करतो आणि पंप घुरघुरायला लागतो. हे गळतीसाठी केलेलं आहे. त्या दिवशी मी वाकलो, पाणी सांडलं आणि मी जीव तोडून ओरडलो. टिल्ली दचकून उडी मारून पळाली आणि मी धप्पकन मागे बसलो.

आई धावत आली. तिला दार उघडं दिसलं आणि माझ्या पट्टीवर गळतीचा आकडा चमकताना दिसला. टिल्ली पडद्यामागे होती.

त्यानंतर माझी तपासणी सुरू झाली. बाबांनी अखेर पुस्तिका पिशवीतून काढली, पण उघडली ती बिघाडांच्या पानावर. बसवायची पानं आधीची, आणि ते तर झालंय, असं ते म्हणाले. त्यांनी पाणी गाळायची जाळी काढून धुतली. नळ्या चाचपल्या. माझ्या पायाशी असलेली पट्टी काढून, जमिनीवर आडवं पडून फडक्याने ताटलीतलं पाणी टिपलं. गळती कुठेच नव्हती. दोन दिवसांनी दुपारी मी पुन्हा ओरडलो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाबा वैतागले.

"नखरे आहेत याचे. चालू नसताना बोंबलतो. वापर नसेल तेव्हा भिंतीवरचं बटणच बंद ठेवायचं."

आणि त्यांनी बटण बंद केलं.

तुम्हाला सांगतो, अशी भीती मी कधी अनुभवली नव्हती. मला सगळं कळत होतं, पण वाचा गेली होती. रोज दुपारी टिल्लीची पावलं वाजायची. ती बसायची, मी वाकायचो, पाणी सांडायचं आणि सगळीकडे शांतता. दर वेळी मी आणखी थोडा बाहेर यायचो. आता ओट्याचा दगड माझ्या डोक्याला पुरता अडवत नव्हता. कंटाळा आला की ती उतरून जायची, संध्याकाळी बाबा गुडघ्याने मला आत ढकलायचे, बटण चालू करायचे आणि आकडा बघून डोक्याला हात लावायचे. मी मनातल्या मनात म्हणायचो, अहो, एकदा तरी विचारा, हा पुढे येतो कसा.

शेवटी आईनेच दुरुस्तीवाल्यांना फोन केला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दुरुस्तीवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी आधी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. खाली मांडी घालून बसल्या आणि विचारलं, "आकडा कधी येतो?"

"संध्याकाळी बटण चालू केलं की लगेच," बाबा म्हणाले. "दिवसभर बंद असतो हो."

"बंद असतो तेव्हा तो पाणी घेत नाही. मग तळात पाणी येतं कुठून?"

बाईंनी जाळी काढली. तिच्यात कागदाचा भिजून लगदा झालेला होता. चिमटीत धरून त्यांनी तो उजेडात पाहिला.

"कागद कोण टाकतं यात?"

टिल्ली आईच्या मागून पुढे आली. "ती तिकिटं आहेत."

"कसली गं?"

"बसची. ही माझी बस." तिने माझ्या दाराला हात लावला. "मी बसते, मग बस हलते. पहिले ती ओरडायची. आता ओरडत नाही. आता नुसती खाली खाली जाते."

बाईंनी माझ्या उघड्या दारावर तळहात ठेवला आणि हळूच दाबला. मी वाकलो. मागचे पाय सुटले, सुऱ्यांचा कप्पा घरंगळत पुढे आला. त्यांनी दुसऱ्या हाताने मला धरलं आणि सावकाश मागे बसवलं.

टिल्लीला आईने इतकं घट्ट ओढून घेतलं की ती "दुखतंय ना" म्हणाली.

"याचे स्क्रू कुठायत?" बाईंनी विचारलं.

बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्यांनी खण ओढला, डबा काढला आणि सगळाच्या सगळा फरशीवर उपडा केला. वर्षानुवर्षांचे स्क्रू चारी बाजूंना पळाले. बाबा गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. प्रत्येक स्क्रू उचलून ते बाईंना दाखवत होते, "हा? हा का?" आणि बाई मान हलवत होत्या.

"साहेब, राहू द्या. तसले आहेत माझ्या पेटीत."

"नाही, इथेच आहेत. मी ठेवलेत. मी स्वतः जपून ठेवलेत," बाबा म्हणाले आणि कपाटाखाली हात घालून चाचपू लागले.

सापडले. एक कपाटाखाली गेला होता, एक आईच्या पायाशी. बाईंनी माझ्या आतल्या भिंतींवरची दोन बारीक टोपणं काढली, डावीकडे एक, उजवीकडे एक असे स्क्रू शेजारच्या कपाटांत मारले. दहा मिनिटांचं काम होतं. माझ्या अंगातून ते आरपार गेले तेव्हा मला किती बरं वाटलं, ते मला सांगता येत नाही.

आता मी इथे घट्ट उभा आहे. भिंतीवरचं बटण चालू असतं. भीती पूर्ण गेली म्हणालो तर खोटं होईल. दुपारी पावलं वाजली की अजून धस्स होतं. बाबा रोज झोपण्याआधी माझं दार उघडतात आणि दोन्ही हातांनी त्यावर जोर देऊन बघतात. पत्र्याचा डबा अजून आहे, पण प्रत्येक नव्या वस्तूची पुस्तिका आता ते पहिल्या पानापासून वाचतात.

तुमच्याही घरात असा डबा असेल. आज तो एकदा उघडा आणि त्यातला एकेक स्क्रू हातात घेऊन विचारा, हा खरंच जास्तीचा होता का? आणि तुमच्याकडचं एखादं यंत्र उगाच ओरडतंय असं वाटलं, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी घटकाभर त्याच्यापाशी बसा. आमच्याकडे शब्द फार थोडे असतात हो.

बाई गेल्या त्या दिवशीची एक गोष्ट राहिली. माझं दार बंद करण्याआधी टिल्लीने हट्टाने आईचा हात धरून एकदा, फक्त एकदा, त्यावर बसायला मागितलं. आईने तिला काखेत धरून टेकवलं, बाबा दोन्ही हात पसरून समोर उभे राहिले. टिल्लीने अंग हलवलं, वाट पाहिली, पुन्हा हलवलं.

"बस बंद पडली," ती हिरमुसून म्हणाली.

आई हसायला गेली आणि रडली. मी तसूभरही हललो नाही.