राजाच्या तिकिटाचा उजवा काठ

सयाजीचे हात गप्प बसणारे नव्हते, आणि तेच त्याला नडलं. चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला अख्खी नोकरी काढलेला माणूस. डाय घासायची, पंच बसवायचा, बिघडलेला माल दुरुस्त करून पुन्हा लायनीवर सोडायचा. तिथं त्याला रिवर्क म्हणतात. रिजेक्ट झालेला पार्ट सयाजीच्या हाताखालून गेला की ओके होऊनच बाहेर पडायचा, आणि त्याचा त्याला भारी तोरा. रिटायर झाला, बायको गेली, पण तोरा काही गेला नाही.

आपलं म्हणावं असं आता एकच माणूस उरलं होतं, अण्णासाहेब. त्याच कंपनीत इन्स्पेक्शनला होते, वयानं सयाजीपेक्षा बरेच मोठे. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून रावेतच्या फ्लॅटमध्ये खुर्चीला खिळलेले. सयाजी रोज संध्याकाळी जायचा, त्यांच्या सुनेच्या, रुपालीच्या हातचा चहा प्यायचा आणि अण्णांचा टपाल तिकिटांचा अल्बम मांडीवर घेऊन पानं उलटत बसायचा. तिकिटातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. अण्णा सांगत राहायचे, हा हुंकार देत राहायचा, आणि दोघांची संध्याकाळ कशीबशी सरायची.

त्या अल्बमात खऱ्या मोलाचं तिकीट एकच. पंचम जॉर्जचं, पंचवीस रुपयांचं, निळं-केशरी, कोऱ्याचं कोरं. ते पुण्यातल्या एका लिलाववाल्यांकडं द्यायचं अण्णांनी ठरवलं.

"पैशाचं सोड रे," ते म्हणाले. "जन्मभर घरचे म्हणत आले, बाबा कागदाचे कपटे जमवतात. एकदा त्यांच्या छापील यादीत, त्या तिकिटाखाली, माझं नाव येऊ दे. एवढं झालं की मी सुटलो, सयाज्या."

"किंमत किती यायची?"

"किंमत तिकिटाची नसते, तब्येतीची असते. मागचा डिंक शाबूत, चित्र बरोबर मधोमध, चारी काठांचे दाते धड, तर लोक बोलीवर बोली चढवतील. डिंकावर अल्बमात चिकटवल्याची खूण दिसली की भाव निम्म्यावर. राजा तोच, रंग तोच, पण हवा गेली. आता आपल्या तिकिटाचं सगळं चोख आहे, फक्त उजव्या काठाचा एक दाता तुटका आहे."

"म्हंजे रिजेक्ट?"

"रिजेक्ट कसलं! एक पायरी खाली, इतकंच."

हे 'एक पायरी खाली' सयाजीच्या डोक्यात जे रुतलं ते निघेचना. अण्णांनी तिकिटाचा फोटो आधीच लिलाववाल्यांना पाठवला होता, त्यांनी यादीचा कच्चा मसुदाही केला होता. आता तिकीट तेवढं पोचवायचं होतं, आणि ते काम अण्णांनी विश्वासानं सयाजीकडं दिलं. दोन दिवस ते प्लॅस्टिकच्या डबीत त्याच्या घरी राहिलं. अहो, दोन दिवस! या माणसाच्या घरात दोन दिवस तुटका दाता राहतो होय?

पहिल्या दिवशी त्यानं नुसतं भिंगाखाली बघितलं. दुसऱ्या दिवशी हात शिवशिवायला लागले. पोलादाची बारीक सुई घासून भोक पाडायचा पंच केला, तो नेमका शिरेल अशा भोकाची पितळेची डाय केली, रद्दीच्या कागदावर पन्नासदा मारून बघितली. मग श्वास रोखून तिकिटाचा उजवा काठ केसभर आत सरकवून नवीन भोकं पाडली आणि तुटक्या दात्यासकट जुना काठ उडवला. नवे दाते असे उतरले की भिंगातून बघताना त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. अण्णा बघतील तेव्हा काय म्हणतील, हाच विचार करत गडी झोपला. देवा, एकदा फोन करून विचारायचं तरी सुचावं ना!

लिलाववाल्यांच्या कार्यालयात विजयश्री नावाच्या बाई तिकिटं तपासायच्या. त्यांनी चिमट्यानं तिकीट उचललं, दिव्याखाली धरलं, मग अण्णांनी पाठवलेला फोटो मोबाईलवर उघडून शेजारी ठेवला.

"यात एक दाता तुटका होता. तो कुठं गेला?"

"दुरुस्त केला की," सयाजी म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "मीच केला. आता बघा, कुणी नाव ठेवंल का?"

बाईंनी पट्टी लावून रुंदी मोजली. मग खुर्चीत मागं टेकल्या.

"काका, तुटका दाता असता तरी मी हे आनंदानं घेतलं असतं. शंभर वर्षांच्या कागदाचा एखादा दाता जातोच, त्याचा भाव थोडा उतरतो, बस्स. पण काठ कापून नवीन पाडला की आमच्याकडं त्याला छेडछाड म्हणतात. तुम्ही विकणाऱ्याला मदत केली नाही, खोटं तिकीट केलंत."

"खोटं न्हाई हो! माल तोच हाय."

"तसं नसतं ते." त्या जरा घुटमळल्या. "यादीतून अण्णासाहेबांचं नाव काढावं लागेल. आणि त्यांची काही किरकोळ तिकिटं आमच्याकडून पूर्वी, नाव न छापता विकली गेली आहेत, तीही आता लोक परत तपासायला मागतील. वाईट वाटतं सांगायला."

"चूक माझी हाय, अण्णांना त्यातलं काय बी ठावं न्हाई," असं सयाजी चार वेळा म्हणाला. बाईंनी चारही वेळा मान हलवली आणि डबी त्याच्या हातात ठेवली. परतीच्या बसमध्ये तो डबी चाचपत बसला. खोटं बोलावं का? हरवलं म्हणावं? चिंचवड येईपर्यंत त्यानं तीन थापा रचल्या आणि तिन्ही मोडल्या. अण्णांपुढं त्याची जीभ वळणार नव्हती, हे त्याचं त्यालाही माहीत होतं.

रावेतला जाऊन त्यानं अण्णांना सगळं सांगितलं. अगदी पन्नास कागद मारून बघितले तेही सांगितलं. सांगता सांगता रडला.

अण्णांनी एका हातानं भिंग उचललं. दुसरा हात मांडीवर तसाच पडून होता. बराच वेळ त्यांनी उजवा काठ न्याहाळला.

"काम चोख आहे," ते म्हणाले.

सयाजीला वाटलं, सुटलो. डोळे पुसून तो पुढं सरकला.

"अण्णा, आपण दुसरं एखादं तिकीट देऊ. मी उद्या येतो, अल्बम काढून बसू."

अण्णांनी डबीचं झाकण लावलं आणि ती टेबलावरून त्याच्याकडं सरकवली.

"हे तुम्ही केलेलं आहे, तुमच्याकडंच राहू द्या." मग त्यांनी सुनेला हाक मारली. "रुपाली, सयाजीराव निघालेत. त्यांना दारापर्यंत सोड. आणि उद्यापासून संध्याकाळचा चहा एकच टाक."