करपलेलं पीस

"गोष्ट एकटीनं पुढे न्यायची नसते, बाळ. कुणी मागे राहिलंय का, बघत जायचं."

आत्याचं हे वाक्य तिला पाठ होतं. लहानपणी पुस्तक वाचून दाखवताना आत्या पानापानाला थांबायची, कारण भावंडांत हीच धाकटी आणि हिचेच प्रश्न फार. राक्षस हसला म्हणजे कसा हसला? दात दिसले का? मोठी भावंडं कावायची. आत्या मात्र राक्षसाचे दात मोजून दाखवायची.

पण पाठ असणं वेगळं आणि अंगी असणं वेगळं.

आता ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करत होती. येणाऱ्याच्या नाकावर तपासणीची चौकट ठेवायची, भिंगं बदलत राहायचं आणि विचारायचं, आता कसं दिसतंय? आणि आता? एखाद्या आजोबांनी तीच ओळ चारदा चुकवली तरी तिचा आवाज चढत नसे. संध्याकाळी मोबाइल हाती आला की मात्र ती दुसरीच कुणी व्हायची.

'पिसांचा किल्ला' या परीकथेच्या पाच जाडजूड पुस्तकांवर टीव्हीवर मालिका सुरू झाली होती आणि तिच्या चाहत्यांच्या ऑनलाइन गटात हिचा मोठा दबदबा होता. पाचही पुस्तकं दोन-दोनदा वाचलेली, मग काय! दर गुरुवारी भाग संपला की सगळे तिथे जमायचे आणि हिच्या टोमण्यांवर हसण्याची चिन्हं भराभर पडायची. गटात सगळेच टोपणनावानं वावरत. हिचं नाव 'सातवी किल्ली'.

त्याच गटात 'चांदणवेल' नावाच्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांच्या प्रश्नांनी सगळे वैतागले होते. राणी आरशापुढे इतका वेळ गप्प का होती? दार वाजलं तेव्हा आत कोण आलं? पडद्यावर ढळढळीत दिसणाऱ्या गोष्टी त्या विचारत बसायच्या. गेल्या गुरुवारी त्यांनी लिहिलं, राजकन्येनं वडिलांच्या हातात शेवटी काय ठेवलं? ते का रडले?

भागाचा सगळा जीव तर तेवढ्यातच होता. हिनं फटकन लिहून टाकलं, "मावशी, मालिका डोळे उघडून बघायची असते. झोपेत नव्हे."

दोनशे बारा जण हसले. चांदणवेलीनं पुढे काहीच लिहिलं नाही.

सोमवारी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, तिला एक खासगी निरोप आला. चांदणवेलीच्या सुनेचा होता. सासूबाईंची दृष्टी दोन वर्षांपासून जात चालली आहे, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. मोबाइल त्यांना वाचून दाखवतो आणि त्या बोलून लिहितात. गुरुवारी मी कामावर असते, म्हणून जिथे नुसतं संगीत वाजतं तिथलं त्या तुम्हाला विचारायच्या. त्या रागावलेल्या नाहीत. फक्त आता ती मालिका लावू नकोस म्हणतात. राजकन्येनं काय दिलं एवढं सांगाल का? मी त्यांच्या कानावर घालीन. खाली घरचा फोन नंबर होता.

मागच्या खोलीत भिंगं घासणारे काका बसत. दुकानातले सगळ्यांत जुने. तिनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी निरोप वाचला, गटातला तिचा टोमणाही वाचला.

"मला ठाऊक असतं ना काका, तर असं लिहिलंच नसतं मी."

"काय ठाऊक असतं तर?"

"त्यांना दिसत नाही ते."

काकांनी हातातलं भिंग पुसून उजेडाकडे धरलं. "म्हणजे डोळे धड असते, तर चाललं असतं?"

काका रागावले नाहीत, त्यांचं घासणं चालूच होतं. म्हणाले, आपल्या खुर्चीत येऊन बसणाऱ्याला किती दिसतं हे तुला आधी कुठे ठाऊक असतं? म्हणून तर तू विचारतेस. तिथेही तेवढंच विचारायचं होतं. दुखणं कळल्यावर तर कुणीही हळू बोलतं, त्यात आपलं काय मोठेपण?

"आणि पाच पुस्तकं वाचलीस म्हणतेस," ते म्हणाले, "ती कुणाला तरी सांगायलाच ना?"

तिला आत्याची आठवण आली. राक्षसाचे दात आठवले. तिनं मनोमन देवाची क्षमा मागितली, पण चुकलं होतं ते एका माणसाशी. तिनं नंबर लावला.

"मावशी, मी सातवी किल्ली."

"अगंबाई!" पलीकडून आवाज आला, आणि मग हसू. "झोप लागली असती तर बरं होतं गं. स्वप्नात तरी दिसलं असतं."

"चुकलं माझं, मावशी."

"असू दे. ते काय होतं तेवढं सांग."

"पीस. पांढरंशुभ्र. पण टोकाला करपलेलं. आगीतून गेल्याचं तिनं वडिलांना सांगितलंच नाही, त्यांनी ते टोक बोटानं चाचपलं आणि..."



"करपलेलं होय," चांदणवेल हळूच म्हणाल्या. "तरीच."

फोन ठेवण्याआधी तिनं शब्द दिला. येत्या गुरुवारी टीव्ही लावा. जिथे पात्रांचं बोलणं थांबेल, तिथे मी बोलेन. त्याच संध्याकाळी तिनं गटात, जिथे टोमणा मारला होता तिथेच, माफीही लिहिली आणि गुरुवारचा बेतही सांगितला. या वेळी हसणारं कुणी नव्हतं. तिघी-चौघींनी मात्र विचारलं, मावशींना सांगायला आम्हालाही एखादा गुरुवार देशील का?

वाचकहो, ज्ञान मिरवायला जागा पुष्कळ मिळतात आणि पडद्याआडून बोललेलं कुणाला लागलं ते दिसतही नाही. म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला हसण्याआधी क्षणभर थांबावं. तो का विचारतो हे कळो न कळो, सरळ उत्तर द्यावं. एवढा एक नेम रोज पाळला तरी पुष्कळ झालं.

गुरुवारी ती दुकानातून पाच मिनिटं आधीच निघाली. काकांनी कुठे म्हणून विचारलं नाही. घरी येऊन तिनं हातपाय धुतले, टीव्हीचा आवाज बारीक केला, फोन कानाला लावला.

"अजून सगळा काळोख आहे, मावशी. थांबा. खालून उजेड येतोय."