मेले नाहीत, गप्प बसलेत

मी प्रयोगशाळेतली काचेची बशी बोलतेय. बशी म्हटलं म्हणून चहाबिहा मनात आणू नका. माझ्यात जंतू वाढवतात. काम झालं की वाफेच्या भांड्यात सगळ्यांना मारायचं आणि मला धुऊन पुन्हा वापरायचं.

माझी मालकीण इथली संशोधक. सगळे तिला ताई म्हणतात. इतरांशी फटकळ, माझ्याशी मात्र हळुवार. जंतू बोलतात, हे मला तिच्यामुळेच कळलं. त्यांना तोंड नसतं. प्रत्येक जण कणभर रसायन सोडतो. थोडे असले की निमूट राहतात. रसायन वाढलं की त्यांना उमजतं, आपण पुष्कळ झालो. मग सगळे मिळून चिकट थर बांधतात, विष सोडतात, हिरवे पडतात. गाव करी ते राव न करी, म्हणतात ना! ताईचं औषध त्यांना मारत नाही, एकमेकांचं ऐकूच येऊ देत नाही.

तिच्या आईच्या पायाची जखम चिघळली होती. कुठलंच औषध लागू पडेना. ताईने त्याच जखमेतले जंतू माझ्यात वाढवले आणि मधोमध आपल्या औषधात भिजवलेला कागदाचा ठिपका ठेवला. दुसऱ्या दिवशी ताई बघते तर सगळीकडे हिरवं आणि ठिपक्याभोवती फिकट कडं! तिने तिथूनच फोन लावला.

"आई, गप्प बसले गं!"

"मेले का एकदाचे?"

"मेले नाहीत, नुसते गप्प बसलेत."

"मग कसला भरवसा? तुझे बाबा गप्प बसले की मला जास्त धास्ती वाटायची."

दोघी खूप हसल्या. मग आईने विचारलं, "मला कधी देशील ते?"

बशीत चाललं ते माणसाला चालेलच असं नाही. तपासण्यांत वर्षं जातात. ताईला हे बोलवेना. "लवकरच," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

पुढे आईचा पाय कापला, पण तोवर विष अंगात भिनलं होतं. आई गेली.

ताई कामावर परतली, तेव्हा धुलाईचे काका बश्या गोळा करत होते. माझ्या झाकणावर ताईने घाईत एकच शब्द लिहिला होता. काकांनी तो वाचला आणि अडखळत विचारलं, "ताई, ही 'आई' वाफेत टाकू का?"

ताईने मला त्यांच्या हातून ओढूनच घेतलं. "नको हो काका. तिच्या अंगातलं जिवंत असं एवढंच उरलंय."

तेव्हापासून मी थंड कपाटात आहे. ती रोज येते, दार उघडते, माझ्याकडे बघत उभी राहते. ताई, ज्यांनी तुझी आई नेली, तेच हे. माझ्यात ती नाही गं. घाल मला वाफेत.