वाटून घेतलेली ओळ

झटका.

चादरीची घडी एकटीलाही घालता येते, पण मग ती घडी नसते, बोचकं असतं. आमच्या धुलाई कारखान्यात दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. त्यांना दोघी लागतात. आणि एक गाणं.

धर गं टोक, झटक गं वारा,
ये गं जवळ, दे मला सारा.

"वारा"ला झटका द्यायचा. "जवळ"ला पुढे यायचं. "सारा"ला आपली टोकं समोरचीच्या हातात. गाणं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी रचलं. घरी त्या माझ्याशी तीन वाक्यं बोलतात, त्यातली दोन मिठाबद्दल. इथं मात्र चादरीच्या त्या टोकाला उभ्या राहिल्या की गळा असा सुटतो, की इस्त्रीच्या रोलरवरची अक्काही डोलायला लागते.

सुटलं टोक.

नवा साहेब आला. येताच ओठांवर बोट. म्हणून त्याचं नाव पडलं शू.

"बघायला गिऱ्हाईकं येतात. हा कारखाना आहे, सहल नव्हे."

जाऊबाई दोनदा सापडल्या. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "आता गाताना दिसलात, तर उद्यापासून घरीच थांबा."

घरी आधीच एकजण थांबलेत. माझे थोरले दीर. नोकरी गेल्यापासून.

कपाळ.

मग सगळ्यांनी गाणं मनात म्हणायचं ठरवलं. जाऊबाई मनातही संथ म्हणतात, मी मनातही घाईत. मी "जवळ"ला पोचले तेव्हा त्या अजून "वारा"तच होत्या. ठक्क! शेजारच्या जोडीचंही तेच. चादरी जमिनीवर, तिथून परत धुवायला. धुलाईच्या ड्रमवरचे मामा वैतागले.

"ही परत आली? हिचं माहेर आहे का इथं?"

ढीग वाढत गेला. शू त्याच्याभोवती घिरट्या घालत होता.

जवळ.

आणि मला दिसलं, जाऊबाईंचं तोंड उघडतंय. सवय, दुसरं काय! शू त्यांच्या मागेच. मी जिवाच्या आकांताने ओरडले,

धर!

"कोण गायलं?"

"गायले कुठं, साहेब? चादर धर म्हटलं. सोड म्हणू का?"

गं, रोलरवरून अक्का. शू तिकडे वळला.

टोक, ड्रममागून मामा, घोगऱ्या आवाजात. शू तिकडे.

झटक. खिडकीपाशी.

गं.

वारा!

फट्ट! सगळ्या चादरी एकदम. शूची मान भिंगरीसारखी. कुणी हसू दाबत होतं, कुणाला दाबता येत नव्हतं.

ये.

गं.

जवळ. सगळ्या पुढे आलो. एकही कपाळ आपटलं नाही.

दे.

मला.

आणि थांबलं. पुढचा शब्द कुणीच उचलला नाही. तो कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टोकं हातात धरून सगळे जाऊबाईंकडे बघत होते. शूसुद्धा. मी मानेनं नको नको म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शूकडे वळून, अगदी त्याच्या तोंडावर,

साऽऽऽऽऽ

संपेचना. सगळ्यांचे हात हवेत.

ऽऽऽरा!

टोकं हातात पडली. आख्ख्या खोलीची एक घडी झाली.

"तुम्ही—"

"एकच शब्द, साहेब," अक्का म्हणाली. "सगळ्यांनी एकेकच घेतला. काढायचं तर सगळ्यांना काढा, आणि घड्या तुम्ही घाला."

"दुसरं टोक कोण धरणार ते आधी ठरवा," मामा म्हणाले.

शूनं ढिगाकडे पाहिलं. केबिनमध्ये गेला, दार लावलं. पुन्हा उघडलं.

"निदान गिऱ्हाईक आलं की गप्प बसा!"

धाड. दार बंद.

जाऊबाईंनी पदर खोचला.

"धाकटे, किती बेसूर लावलंस गं ते 'धर'!"

"मग तुम्ही लावा."

"छे! आता तो तुझा." मग खोलीभर नजर फिरवून त्या म्हणाल्या, "चला, पुढची ओळ वाटून घ्या."

मामांनी लगेच दोन शब्द मागितले.