नांगराची आडवी दांडी

मित्रांनो, पाथरवटाच्या पडवीत खिळ्याला टांगलेला हातभर पितळी पत्रा, तोच मी. ख्रिस्ती माणसांच्या थडग्यांवर चिन्हे काढण्याचा मी जुना साचा आहे.

माझा जन्म एका घड्याळजीच्या टेबलावर झाला. तो पाथरवटाचा सासरा. जावयाची छिन्नी पक्की, पण रेघ वाकडी. म्हणून त्याने बारीक करवतीने माझ्या अंगातून पाच आकार कापून काढले: क्रूस, जहाजाचा नांगर, मासा, कबुतर आणि कोकरू. कापलेले तुकडे कचऱ्यात गेले. माझी सगळी कमाई म्हणजे ही पाच भोके.

काम सोपे होते. ओल्या दगडावर मला दाबून धरायचे, गेरूत बुडवलेले फडके भोकांवरून फिरवायचे, मला उचलायचे आणि उमटलेल्या लाल आकारावर छिन्नी चालवायची. पाळकसाहेब म्हणत, याची रेघ छापल्यासारखी येते. ते ऐकून मला फार बरे वाटे.

पाथरवटाला एक खोड होती. कोणी विचारो न विचारो, तो गिऱ्हाइकाला प्रत्येक चिन्हाचा अर्थ सांगे. तो म्हणे, "क्रूस म्हणजे मुळात माणसाला हालहाल करून मारायचं लाकूड. प्रभूला त्यावर खिळलं तेव्हा लोक खाली उभं राहून हसत होते. तो मेला आणि पुन्हा उठला, म्हणून ते लाकूड आपल्याला आशेचं झालं." कबुतर म्हणजे पवित्र आत्मा. मासा ही छळाच्या काळातली खूण, एकाने वाळूत काढायची आणि दुसऱ्याने ओळखायची. कोकरू म्हणजे खरे तर स्वतः प्रभूच, पण लोक ते लहान मुलांच्या थडग्यांवर मागत. घटसर्पाची साथ आली त्या वर्षी माझ्या कोकराचे कान झिजून गेले. "अहो, कोकराला जरा विसावा द्या. एखादा म्हातारा मरू दे आता," असे पाथरवटीण एकदा म्हणून गेली. मग आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

आमच्या भागात एक बेकरीवाला होता. पहाटे पाव पोचवताना त्याच्या गाडीखाली रस्ता झाडणारी बाई सापडली आणि मेली. गाडीत शेजारी त्याची धाकटी बहीण बसली होती. तो म्हणाला, ब्रेक लागला नाही. कोर्टात बहीण म्हणाली, ब्रेक ठीक होता, दादा प्यायला होता. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्याने बहिणीला घराबाहेर काढले आणि आईला तिच्याकडे जायची बंदी केली. सात वर्षे ती एका खोलीत शिवणकाम करून राहिली आणि छातीच्या दुखण्याने तिथेच गेली. तिला पुरले ती जागा घराण्याची होती. दगडावर काय असावे, हे ठरवणे आता बेकरीवाल्याच्या हातात होते.

तो आईला घेऊन आला. मोतीबिंदूने म्हातारीची नजर जवळजवळ गेलेली.

"क्रूस काढ रे बाबा," म्हातारी पाथरवटाला म्हणाली. "लहानपणापासून तिच्या गळ्यात होता."

"क्रूस नको," बेकरीवाला म्हणाला. "सख्ख्या भावाला क्रूसावर चढवलं तिनं. आता तिच्या उशाशी क्रूस कशाला? दुसरं काहीही काढा."

"तू दोन वर्षं आत होतास. ती सात वर्षं बाहेर होती."

"आई, संध्याकाळी जेवायला घरीच यायचंय ना?"

तो बिडी ओढायला बाहेर गेला, तेव्हा पाथरवटाने म्हातारीचा हात धरून माझ्या नांगरावर ठेवला.

"मावशी, बघा. ही उभी दांडी, ही वर आडवी, खाली दोन आकडे. छळाच्या दिवसांत लोक नांगरातच क्रूस लपवायचे. नांगर म्हणजे आशा. आणि वरचा भाग म्हणजे तुम्हाला हवं ते."

तिची बोटे त्या आडव्या दांडीवर थांबली. मुलगा आत आल्यावर ती म्हणाली, "नांगर चालेल."

"चालू दे," तो म्हणाला. "ती कुठं कधी होडीत बसली होती, पण चालू दे."

आठ दिवसांनी दगड न्यायला तो एकटाच आला. काम सुरेख उतरले होते. त्याने दगडाभोवती फिरून पाहिले. "पाथरवट, हात आहे बुवा तुमचा. सबंध दफनभूमीत असा नांगर नसेल. याचा काही अर्थ असतो का?"

मित्रांनो, शिव्या खाऊनही पाथरवट सांभाळून बोलत असे. कौतुकाने मात्र तो सैल पडला. जन्माची खोड. त्याने सगळे सांगितले, छळाचे दिवस, लपवलेला क्रूस, सगळे. शेवटच्या शब्दाला त्याला कळले आपण काय केले ते.

बेकरीवाल्याने दगडावरच्या आडव्या दांडीवर बोट ठेवले. मग म्हणाला, "ती आडवी दांडी काढून टाका."

"कोरलेली रेघ पुसता येत नाही शेठ. सबंध दगडाचं तोंड खाली घ्यावं लागेल. दोन दिवस लागतील."

"दोन दिवस नाहीत माझ्याकडे. तेवढंच खणून काढा. आत्ता, माझ्यासमोर."

"वाईट दिसेल."

"तिच्यासारखंच दिसू दे."

पाथरवटीण दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने छिन्नी उचलली. आडव्या दांडीच्या वरचा, खालचा, दोन्ही बाजूंचा दगड त्याने खणून काढला. मी शेजारी पालथा पडलो होतो. माझ्याच रेघेवर पडणारे घाव मी ऐकले.

दुपारी दफनभूमीत दगड बसवला, तेव्हा म्हातारीही आली होती. मी हत्यारांच्या पिशवीत होतो, पिशवी शेजारच्या थडग्यावर. म्हातारी गुडघ्यांवर बसली आणि दगड चाचपू लागली. नांगराचे आकडे लागले, उभी दांडी लागली. मग बोटे वर गेली आणि त्या रुंद चरात उतरली. चर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवा गेला होता. उभी दांडी त्याला मधोमध भिडत होती.

तिचा चेहरा उजळला. "केवढा मोठा क्रूस केलास रे," ती मुलाला म्हणाली. "माफ केलंस तिला. देव तुझं भलं करो."

पाथरवट खाली पाहत राहिला. बेकरीवाला गप्प बसला असता तर म्हातारी सुखात घरी गेली असती. पण तेवढेही त्याला द्यायचे नव्हते.

"क्रूस नाही तो, आई. आडवी दांडी खणून काढायला लावली मी. ती जखम आहे."

म्हातारीचे बोट चरातच राहिले. ते तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवले.

"पुसलास तेव्हा एवढा झाला," ती म्हणाली. "मग आणखी पुसून बघ."

तो गाडीत जाऊन बसला. ती उठली नाही. शेवटी तो गाडी घेऊन निघून गेला, आणि त्या संध्याकाळी पाथरवटिणीने तिला हाताला धरून आपल्या घरी आणले. मुलाच्या घराचे दार म्हातारीला पुन्हा उघडले नाही.

जेवणे झाल्यावर पाथरवट पडवीत आला. त्याने मला ऐरणीवर ठेवले आणि नांगराच्या जागी हातोड्याचा एकच घाव घातला. तेव्हापासून मी वाकलेला आहे. माझ्यातून आता कुठलीच रेघ सरळ येत नाही.

मित्रांनो, मला ठोकून सरळ करू नका, ही माझी विनवणी आहे. चिन्हांचे अर्थ तुम्ही पाठ कराल, मलाही ते पाठ होते आणि पाथरवटालाही. हा पत्रा इथेच का वाकला, असे कोणी विचारले तर मात्र नीट सांगा. एका दुपारी एका माणसाला फक्त नाही म्हणायचे होते. तो नाही म्हणाला नाही, आणि मग राग त्याने पत्र्यावर काढला.