दुसरी बाटली

ताईने बूच काढलं, नाकाशी नेल्यासारखं केलं आणि टेबलावर ठेवून दिलं. माशाची प्लेट घेऊन स्वयंपाकघरातून आलेली धाकटी तिथेच थबकली, कारण ही बाटली तिने हुंगलेली नव्हती.

पहिली तिने सकाळीच हुंगून ताईला सांगितली होती. थंड डोंगरउतारावरची शार्डोने, पांढरी वाइन. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, ओला दगड, पिंपाच्या लाकडाचा वास अगदी नावाला. सोबत लोण्यात परतलेला मासा द्यायचा, पण त्यावर लिंबू पिळायचं नाही. आंबटपणा वाइनमध्येच भरपूर आहे, उगाच दोन आंबट भांडायला लावू नयेत. ताईने हे सगळं परीक्षेला बसल्यासारखं घोकलं होतं. गेल्या हिवाळ्यातल्या तापात तिचं नाक गेलं ते गेलंच. वाइनची मोठी पारखी म्हणून अख्खं रेस्टॉरंट तिलाच विचारायचं, आणि हिला साधं दूध उतू गेलेलं कळत नव्हतं! पण आई गेल्यावर धाकटीला तिनेच वाढवलं होतं. म्हणून वर्षभर धाकटी तिचं नाक झाली होती आणि कुठे चकार शब्द बोलली नव्हती.

आज मालकांबरोबर त्यांचे मामाही आले. ताईला यापुढे कामावर ठेवायचं की नाही हे मालक मामांच्या सल्ल्याने ठरवणार होते, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. पहिली बाटली गप्पांतच संपली. तेव्हा ताईने दुसरी उघडली. वाइन तीच, तर वासही तोच असणार, असं तिने धरलं.

पदार्थ करणाऱ्याने टेबलापाशी एक घोट घ्यायचा, असा तिथला शिरस्ता होता. धाकटीने घेतला. ओला पुठ्ठा, बंद कपाट. बुचाने वाइन पार नासवली होती.

ताईचं मात्र सफरचंद आणि लिंबाची साल चालूच होतं. सिगारेटी ओढून नाकाची वाट लावलेले मालक मान डोलावत होते. मामांनी ग्लास दोनदा नाकाशी नेला आणि कपाळाला आठी घातली. धाकटीने ती आठी पाहिली. ते काही बोलायच्या आत ताईला वाट काढून द्यायला हवी होती.

"ताई, ही बाटली बदलूया का? बूच खराब निघालंय वाटतं."

ताईने नुसतं "हो, मीही तेच बघत होते," म्हटलं असतं तरी निभावलं असतं. तिने धाकटीकडे पाहिलं, मग मामांकडे, आणि हसली.

"हिचं मनावर घेऊ नका. आठवडाभर सर्दीने नाक चोंदलंय हिचं."

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. मामांची आठी उतरली. आपल्यालाच कळत नव्हतं, असं ओशाळून म्हणत त्यांनी ग्लास रिकामा केला. मालकांना भलतीच काळजी लागली: सर्दी झालेली बाई स्वयंपाकघरात कशी? त्यांनी तिला आजच घरी पाठवायला सांगितलं. दुसरा आचारी बघू म्हणाले. ताई प्लेटमधला मासा सारखा करत राहिली. तिने मान हलवली, आणि ती होकाराची होती.

धाकटी आत येऊन एप्रन सोडत होती, तेवढ्यात ताई घाईघाईने मागे आली. हातात नवा ग्लास होता. मालकांनी अचानक दुसऱ्या बागेची शार्डोने मागवली होती, आणि तिच्याबरोबर काय द्यायचं ते ताईने सांगायचं होतं.

"पटकन सांग गं. थांबलेत ते."

धाकटीने ग्लास घेतला, सवयीने एकदा फिरवला आणि नाकाशी धरला. पिकलेली नासपती. थोडा मध. अगदी शेवटी भाजलेल्या बदामाचा वास, इतका स्वच्छ की तिचे डोळे भरून आले. सोबत काय द्यायचं तेही तिला त्याच क्षणी सुचलं.

तिने ग्लास ताईच्या हातात परत दिला.

"मला सर्दी झालीये ना, ताई."